विजेची शिदोरी

प्रवासास निघतांना शिदोरी बांधण्याची आपली चाल फार जुनी आहे. दशम्या किती, चटणी किती, वाटेंत पाणी कोठें मिळेल, एखादा मुक्काम चुकला तर मुलांच्या पोटांत काय घालावयाचें, ह्या सर्वांचा हिशेब घरांतील वडील बायका आदल्या रात्रींच करून ठेवीत. बैलगाडीच्या बुडाखालीं कंदील टांगलेला असे, आणि त्यांत रात्रभर पुरेल इतकें घासलेट आहे कीं नाहीं, हें गाडीवान तो हलवून पाही. आतां बैलगाडी गेली, कंदीलहि गेला. परंतु शिदोरीचा हिशेब कांहीं गेला नाहीं. उलट तींत एका नव्या पदार्थाची भर पडली आहे. तो पदार्थ म्हणजे वीज. स्वतःच्या मोटारगाडींतच निजावयाचें, तिच्यांतच दिवा, पंखा आणि औषधें थंड ठेवण्याची पेटी चालवावयाची, अशा रीतीनें प्रवास करणारीं कुटुंबें आतां आपल्याकडेहि दिसूं लागलीं आहेत. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें तर अशा फिरत्या घरांच्या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरणच जाहीर केलें. अशा गाडींत वीज कशी बांधून न्यावी, ह्याविषयीं आमच्या घरास जें कांहीं अनुभवानें, व बरेंचसें फजितीनें, शिकावें लागलें, तें वाचकांपुढें ठेवावें असा विचार आहे.

आरंभींच एक कबुली दिलेली बरी. आम्ही कांहीं विजेचे जाणकार नव्हों. सारा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला. धातु म्हटला कीं आम्हांस भू आणि कृ आठवावयाचे; शिसें आणि तांबें नव्हे. परंतु गरज पडली म्हणजे म्हातारा माणूसहि पुन्हां विद्यार्थी होतो, आणि आमची गरज लहानसहान नव्हती.

आमचे वडीलबंधू धुळ्यास राहतात, आम्ही जळगांवास. चुली दोन झाल्या, तरी देवकार्य आणि मोठा खर्च अद्यापि एकत्रच चालतो. वहिनींनीं पुष्कळ वर्षांपूर्वीं नर्मदा-परिक्रमेचा संकल्प केला होता. संसाराच्या धबडग्यांत तो राहून गेला, आणि वयाची सत्तरी उलटल्यावर त्यांस त्याची रुखरुख लागली. अमरकंटकापासून समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणाऱ्या ह्या नदीस उजव्या हातास ठेवून, तिचें पात्र न ओलांडतां, दोन्ही तीरांनीं फिरून यावयाचें, ही परिक्रमा. पायीं जाणारास कित्येक महिने लागतात. गाडीनें सुमारें अडीच-तीन आठवड्यांत ती होते. दक्षिण तीराच्या वाटेवर आपल्या खानदेशांतील शहादें व प्रकाशें हीं गांवें येतात, म्हणून आमच्याकडील लोकांस तिचें विशेष अगत्य आहे.

अडचण एकच होती. वहिनींस मधुमेह आहे आणि दोन वेळां इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें. हें औषध न उघडलेल्या स्थितींत २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णतामानांत ठेवावें लागतें. उन्हानें तापलें तर त्याचा गुण जातो. बर्फाला चिकटून गोठलें तरीहि जातो. म्हणजे नुसती बर्फाची पेटी भरंवशाची नाहीं. तीन आठवड्यांचें औषध, निघावयाचें होळीनंतर, आणि उन्हांत बंद ठेवलेल्या गाडीच्या आंतली धग तर वाचकांस ठाऊकच आहे. घाटावरच्या आश्रमांत निवारा मिळतो, प्रसाद मिळतो. परंतु प्रत्येक ठिकाणीं फ्रिज मिळेल आणि त्यास रात्रभर वीज मिळेल, असें कोण सांगणार? म्हणून पुतण्यानें बारा आसनांची एक जुनी गाडी घेतली, मागील आसनें काढून निजण्याच्या दोन फळ्या बसविल्या, आणि बारा व्होल्टवर चालणारी लहान शीतपेटी आणली. येथें एक गोष्ट सांगून ठेवतों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें गाडीच्या नोंदणींत जें लिहिलें आहे त्याविरुद्ध फेरफार परवानगीवांचून करतां येत नाहीं. तेव्हां आसनें काढण्यापूर्वीं परिवहन कचेरींत रीतसर अर्ज करावा. आम्हीं केला होता.

पद्मालयची फजिती

वीज जोडण्याचें काम आम्हीं एका ओळखीच्या कारागिरास सांगितलें. त्यानें अर्ध्या दिवसांत दिवे, पंखा, मोबाइल भरण्याची खोबण आणि शीतपेटी, हें सर्व इंजिनाच्या बॅटरीलाच जोडून दिलें. दिवे लख्ख लागले. आम्हींहि त्याची पाठ थोपटली.

परीक्षा म्हणून एक मुक्काम जवळच करावा असें ठरलें. जळगांव आणि धुळें ह्यांच्या दरम्यान एरंडोलजवळ पद्मालय हें गणपतीचें क्षेत्र आहे. उजव्या सोंडेची व डाव्या सोंडेची अशा दोन मूर्ति एकाच गाभाऱ्यांत आहेत, पुढें कमळांचें तळें आहे आणि भोंवतीं रान. सायंकाळीं दर्शन झालें. गाडींत पिठलें-भाकरी झाली, पंख्याखालीं सर्वजण सुखानें निजले. पहांटे वहिनी औषधासाठीं उठल्या, तों शीतपेटी बंद पडलेली. पंखाहि बंद. पुतण्यानें किल्ली फिरविली. इंजिनांतून एकदां ‘टक्’ असा आवाज आला आणि मग सारें सामसूम. एका रात्रींत बॅटरी रिकामी झाली होती. दिवा गेला, औषधाची थंडी गेली, आणि घरीं परत जाण्याचें साधनहि गेलें.

तासाभरानें एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन जातांना दिसला. “काय व्हयनं, गुरुजी?” असें विचारून तो उतरला, आपल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून दोन जाड तारा लावून त्यानें आमची गाडी चालू करून दिली, आणि चहाहि न घेतां निघून गेला. त्याचें नांव विचारावयाचें राहून गेलें, ह्याची आम्हांस अद्यापि हळहळ वाटते. हीच गोष्ट घरापासून पांचशें मैलांवर घडली असती तर? ह्या विचारानें बंधु दिवसभर बोलले नाहींत. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, माझ्या नवसापायीं तुम्हां सगळ्यांना संकटांत घालायचं नाहीं. राहूं द्या आतां.” हें ‘राहूं द्या’ आम्हांस फार लागलें.

दोन बॅटऱ्यांचे दोन स्वभाव

धुळ्यास पांचकंदील भागांत बॅटऱ्यांचें काम करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. बंधु आम्हांस त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनीं सगळी हकीकत ऐकली आणि प्रथम विचारलें, “गुरुजी, बियाण्याचं धान्य तुम्ही दळायला काढतां का?” पुढचें सर्व शिक्षण ह्या एका प्रश्नांत आलें.

इंजिन सुरू करणारी बॅटरी ही बियाण्यासारखी राखून ठेवावयाची असते. तिच्यांत शिशाचे पातळ पत्रे पुष्कळ असतात. त्यांमुळें ती कांहीं क्षण शेंकडों अँपिअरचा जबरदस्त प्रवाह देऊं शकते. आणि इंजिन चालू होतांच तिचें झीज झालेलें भांडवल लगेच भरून निघतें. तिला हळूहळू तळापर्यंत उपसणें म्हणजे धांवण्याच्या घोड्यास मोटेला जुंपणें होय. असें दहापांच वेळां झालें कीं ती कायमची मरते. दुसऱ्या जातीच्या बॅटरीचे पत्रे जाड असतात. ती एकदम मोठा झटका देत नाहीं, परंतु थोडथोडा प्रवाह तासन्‌तास देते आणि पुन्हां भरून घेते. पहिलीस ‘इंजिनाची’ आणि दुसरीस ‘घरची’ असें आपण म्हणूं. ह्या दोहोंचें मूळ एकच. १८५९ सालीं फ्रान्समध्यें गास्तों प्लांते ह्या शास्त्रज्ञानें शिशाचे पत्रे गंधकाम्लांत बुडवून पुन्हां पुन्हां भरतां येणारी पहिली बॅटरी केली. आज दीडशेंहून अधिक वर्षें झालीं तरी तिचा संसार चालूच आहे.

ही दोन बॅटऱ्यांची युक्ति नवी आहे असें मात्र नाहीं. भुसावळास वाढलेल्या कोणासहि ती आठवेल. आगगाडीच्या जुन्या डब्यांखालीं बॅटऱ्यांच्या पेट्या टांगलेल्या असत, आणि चाकाच्या आंसावरून पट्ट्यानें फिरणारें जनित्र त्या भरीत असे. गाडी धांवतांना वीज तयार व्हावी आणि फलाटावर उभी असतां पेटींतली खर्च व्हावी, हीच ती व्यवस्था. डब्यांतील दिव्यापंख्यांनीं इंजिनाच्या कामास हात लावावयाचा नाहीं. आम्हीं त्या डब्यांतून जन्मभर प्रवास केला. खालीं काय टांगलें आहे हें मात्र कधीं वांकून पाहिलें नाहीं.

“मग घरच्या इन्व्हर्टरची बॅटरीच गाडींत ठेवूं का?” असें पुतण्यानें विचारलें. दुकानदारांनीं मान हलविली. ती उंच असते, तिचें वजन पन्नास-साठ किलो, आंत पातळ आम्ल; कोपऱ्यांत स्थिर बसण्यासाठीं ती केलेली आहे, खड्ड्यांतून हिंदकळण्यासाठीं नव्हे. गाडीस बंद झांकणाची, सांडणार नाहीं अशी घ्यावी. लिथियमची बॅटरी वजनानें हलकी, आणि तिच्यांतील शेंकडा ऐंशीं-नव्वद वीज निर्धास्तपणें वापरतां येते. परंतु तिची किंमत अधिक, आणि भरण्याचें यंत्रहि तिच्या जातीचेंच लागतें. आम्हीं शिशाचीच, १०० अँपिअर-तासांची, बंद बॅटरी घेतली.

जमाखर्च

बॅटरी केवढी घ्यावी हें दुकानदारानें सांगावयाचें नसून घरच्यांनीं मांडावयाचें असतें. त्याचा हिशेब तिसरीच्या मुलासहि जमेल. वस्तूवर लिहिलेले वॅट घ्यावे, दिवसांतून ती जितके तास चालेल तितक्यांनीं गुणावें, आणि आलेल्या संख्येस १२ नीं भागावें. उत्तर येईल तें अँपिअर-तास. आमच्या घरचा रोजचा जमाखर्च असा झाला :

दिवे तीन, प्रत्येकीं ५ वॅट, ४ तास : ५ अँपिअर-तास.
पंखा एक, १५ वॅट, ८ तास : १० अँपिअर-तास.
शीतपेटी ४५ वॅट. ती चोवीस तास लावलेली असली तरी आंतील यंत्र साधारण तिसरा हिस्सा वेळच फिरतें, म्हणून ८ तास : ३० अँपिअर-तास.
मोबाइल चार : ५ अँपिअर-तास.
एकूण ५०.

आतां शिशाच्या बॅटरीचा एक नियम असा आहे कीं, तींतील निम्मीच वीज वापरावी. निम्म्याच्या खालीं वारंवार उतरल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणजे १०० ची बॅटरी ही वापरासाठीं ५० चीच समजावी. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आमच्या पूर्वजांनीं बॅटरीसाठीं केली नसेल, परंतु तिला ती फारच तंतोतंत बसते. अंथरूण मोजण्याची पट्टीहि स्वस्त आहे. व्होल्ट दाखविणारा लहानसा कांटा गाडींत डोळ्यांसमोर लावावा. बॅटरी कांहीं वेळ स्वस्थ असतां १२.७ दाखवील तर ती पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिती.

ह्या हिशेबांतून आमच्या सौभाग्यवतींचें मिक्सर-यंत्र वगळलें गेलें. बारा व्होल्टचे २३० करणारें यंत्र मिळतें खरें. पण ५०० वॅटच्या मिक्सरास बॅटरींतून ४५ ते ५० अँपिअरचा प्रवाह ओढावा लागतो, आणि वीज उलटीसुलटी करण्यांतच दहा-पंधरा टक्के वाया जाते. विजेची शेगडी तर बोलूंच नये. तेव्हां दिवे, पंखा, पेटी सगळें बारा व्होल्टचेंच घ्यावें, आणि चटणीस खलबत्ता न्यावा. आम्हीं नेला. चटणी अधिक चांगली झाली, असें आमचें मत आहे, सौभाग्यवतींचें नाहीं.

तार आणि फ्यूज

बॅटरी बसली. तरी शीतपेटीचें दुखणें संपलें नाहीं. बॅटरी भरलेली, दिवे लागलेले, आणि पेटी मात्र मध्यरात्रीं आपोआप बंद! दोष पेटीचा नव्हता, तारेचा होता. पहिल्या कारागिरानें घरगुती दिव्याची बारीक, एक चौरस मिलिमीटरची तार टाकली होती. बॅटरीपासून पेटी पांच मीटर. वीज जाऊन परत येते म्हणून तारेची लांबी दहा मीटर धरावयाची. एवढ्या बारीक तारेंतून चार अँपिअर जातांना सुमारें ०.७ व्होल्ट वाटेंतच जिरतात. घरच्या २३० व्होल्टांत हे एवढे गेले तर कळतहि नाहीं. बारांतून गेले तर शेंकडा सहा गेले. शिवाय यंत्र सुरू होतांना क्षणभर दुप्पट-तिप्पट प्रवाह मागतें. त्या क्षणीं पेटीस दहा-साडेदहाच व्होल्ट मिळत, आणि बॅटरी संपत आली अशी समजूत होऊन ती स्वतःस बंद करून घेई. जुन्या पाटांतून पाणी सोडावें आणि वरच्या वाफ्यांतच मुरून टोंकाचा वाफा कोरडा राहावा, तशांतला प्रकार. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकतांच हीच गळती चौथ्या हिश्शावर आली आणि पेटी रात्रभर चालू लागली. कमी दाबाच्या विजेस तार जाड आणि अंतर थोडें, हा नियम ध्यानांत ठेवावा.

तार काढतांना जें दिसलें त्यानें मात्र आमच्या अंगावर कांटा उभा राहिला. पत्र्यास भोंक पाडून तार तशीच ओढलेली होती. भोंकास रबरी कडें नव्हतें. गाडीच्या हादऱ्यानें वरचें आवरण घासून तांबें उघडें पडलें होतें, पत्र्यापासून केसभर अंतरावर. गाडीचा सगळा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोंकास जोडलेला असतो. तांबें पत्र्यास टेकतें तर तार क्षणांत लाल होऊन पेटली असती. आणि वाटेंत फ्यूज कोठेंच नव्हता. आमच्या वहिनी ह्याच तारेवरच्या फळीवर निजल्या होत्या.

दुकानदारांनीं आपल्या पेटींतून एक जुना लोखंडी पाना काढून दाखविला. त्याच्या कडेचा चतकोर वितळून गेला होता. “ही बॅटरी शॉक देत नाहीं, म्हणून लोक तिला गरीब समजतात. हा पाना दोन टोंकांवर पडला, तेव्हां मी डोळे मिटायच्या आंत असा झाला.” मग त्यांनीं आमच्या हाताकडे पाहून बोटांतली अंगठी काढावयास सांगितली. जळगांवच्या सोन्याची कीर्ति मोठी. परंतु बॅटरीचें काम करणाराच्या हातांत अंगठी, कडें किंवा बांगडी नसावी. दोन टोंकांमध्यें सोनें सांपडलें तर तें बोटासकट भाजून काढतें. काम करतांना ऋण टोंकाची तार आधीं सोडावी आणि शेवटीं जोडावी, हाहि नियम त्यांनींच सांगितला. म्हणजे पाना चुकून पत्र्यास लागला तरी ठिणगी पडत नाहीं.

फ्यूज हा वस्तूच्या रक्षणासाठीं असतो अशी पुष्कळांची समजूत आहे, आमचीहि होती. तो मुख्यतः तारेच्या रक्षणासाठीं असतो. म्हणून तो बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंतच बसवावा. फ्यूजपर्यंतची तार उघड्यावर, तेवढी थोडीच असावी. आमच्या गाडींत आतां बॅटरीजवळ एक मोठा फ्यूज आहे. तेथून जाड तार फ्यूजांच्या लहान पेटीकडे जाते, आणि तेथें शीतपेटीस १५ अँपिअरचा, पंख्यास व दिव्यांस ५-५ चा असे वेगवेगळे फ्यूज आहेत. एकाचा बिघाड झाला तर बाकीचे चालू राहतात; सगळें घर अंधारांत जात नाहीं. ह्या सर्वांस मिळून जो खर्च आला तो एका चांगल्या जेवणावळींतील भाजीएवढाहि नव्हता. फ्यूज उडाला म्हणून चंदेरी कागद गुंडाळून काम भागविणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांस हात जोडून सांगणें आहे कीं, तो कागद नव्हे, काडेपेटी आहे.

भरणा

खर्चाची व्यवस्था झाली, आतां जमेची. घरच्या बॅटरीस दोन वाटांनीं वीज येते. पहिली इंजिनाच्या जनित्राकडून. दोन बॅटऱ्यांच्या मध्यें एक आपोआप चालणारी कळ बसवितात. इंजिन चालू असून दाब १३.३ व्होल्टांच्या आसपास चढला कीं ती दोघींस जोडते. इंजिन थांबून दाब उतरला कीं दोघींस निराळें करते. त्यामुळें रात्रीं घरची बॅटरी कितीहि उतरली तरी इंजिनाची अबाधित राहते. ह्या जोडतारेंत दोन्ही टोंकांस फ्यूज हवा, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. अलीकडच्या कांहीं गाड्यांत जनित्राचा दाब संगणक कमीजास्त करीत असतो. तेथें ही साधी कळ पुरत नाहीं, दाब नीट करून देणारें निराळें यंत्र लागतें. आमची गाडी जुनी असल्यानें तो खर्च वांचला.

दुसरी वाट सूर्याची. धुळे जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत शिवाजीनगर येथें २०१३ सालापासून १२५ मेगावॅटचें सौर वीजकेंद्र आहे. त्याच उन्हाचा ओंजळभर वांटा आम्हीं गाडीच्या टपावर घेतला. १६० वॅटचें एक पॅनेल आणि त्याच्याबरोबर भरणा आवरून धरणारें यंत्र. चांगल्या उन्हाच्या दिवशीं, गळत वजा जातां, आमच्या रोजच्या खर्चाच्या जवळपास वीज त्यांतून मिळते. गाडी सांवलींत उभी करावी तर आपण सुखी, पॅनेल उपाशी. उन्हांत करावी तर उलट. हा पेंच आम्हीं पॅनेलाच्या बाजूनें सोडविला आणि स्वतः झाडाखालीं बसलों.

खानदेशांतील वाचकांनीं आणखी एक जपावें. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांस शिशाच्या बॅटरीचें आयुष्य साधारण निम्मे होतें, असा ठोकताळा आहे. म्हणून ती इंजिनाच्या धगीपासून दूर, खालीं, पट्ट्यानें घट्ट बांधून ठेवावी. आणि भरतांना तिच्यांतून निघणारा ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर जाण्यास वाट असावी. देवघरांतील निरांजन आणि बॅटरी ह्यांचा शेजार नको.

मंडल्याचे दोन दिवस

होळीनंतर आम्ही निघालों. ओंकारेश्वरास संकल्प सोडला. बडवानी, शहादें, प्रकाशें करीत समुद्राकडे आणि तेथून उत्तर तीरानें पूर्वेकडे असा प्रवास सुखरूप झाला. शीतपेटींत लहान उष्णतामापक ठेवला होता. पांच अंश, पांच अंश, असें वहिनी रोज सकाळीं आरतीनंतर मोठ्यानें वाचीत, आणि आम्हांस तोच प्रसाद वाटे.

मंडल्याच्या अलीकडे मात्र गाडीच्या डिझेल पंपानें दगा दिला. सुटा भाग जबलपुराहून यावयाचा होता. आम्ही एका आश्रमाच्या आवारांत थांबलों, आणि त्याच सायंकाळीं अवकाळी वादळ, पाऊस व गारा झाल्या. आश्रमाची वीज गेली. इंजिन बंद, म्हणजे जनित्र बंद. आभाळ झांकलेलें, म्हणजे सूर्यहि बंद. जमेच्या दोन्ही बाजू शून्य, आणि हातांत होती ती फक्त बांधून आणलेली शिदोरी.

बंधूंनीं कागद मागितला. पन्नास वर्षें घरचा जमाखर्च त्यांनींच लिहिला आहे. पंखा बंद : दहा वांचले. दिवे बंद : पांच वांचले. मोबाइल एकच चालू ठेवावयाचा, तोहि जरुरीपुरता. शीतपेटी दिवसांतून फक्त दोन वेळां, इंजेक्शनापुरती उघडावयाची. पावसानें हवा गार झाल्यामुळें पेटीचा खर्चहि तीसांवरून बराच खालीं आला. शिवाय बरोबर माठ होता. वेळ आलीच असती तर त्याच्या ओल्या फडक्यांत औषध गुंडाळण्याचीहि तयारी होती.

त्या दोन रात्रीं आम्ही निरांजनाच्या उजेडांत बसलों. बॅटरीपासून दूर, आश्रमाच्या ओसरीवर. बंधूंनीं आमच्या वडिलांच्या वेळच्या यात्रांच्या गोष्टी सांगितल्या. कित्येक आम्हींहि प्रथमच ऐकल्या. वहिनी एकदां म्हणाल्या, “माझ्या एवढ्याशा औषधासाठीं सगळं घर अंधारांत बसलं.” बंधु कागदावरून मान वर न करतांच म्हणाले, “घर आहे कशाला मग?”

तिसऱ्या दिवशीं सकाळीं भाग आला. कांटा तेव्हां १२.२ वर होता. इंजिनाची बॅटरी भरलेली, जशी ठेवली होती तशी. पुतण्यानें किल्ली फिरविली आणि गाडी पहिल्याच झटक्यास चालू झाली. पेटींत पांच अंश. पद्मालयच्या पहांटेची सर्वांस एकदम आठवण झाली, परंतु तिचा उच्चार कोणीं केला नाहीं.

परिक्रमा पुरी झाली. वहिनींचा संकल्प सिद्धीस गेला. जें सांगावयाचें तें एवढेंच, कीं गाडींत वीज नेणें ही हौसेची नव्हे, गृहस्थीचीच गोष्ट आहे. इंजिनाची बॅटरी बियाण्यासारखी राखावी. घरचा खर्च दुसऱ्या बॅटरीवर आणि मोजून करावा. तार जाड घ्यावी. आणि सर्वांत स्वस्त जो फ्यूज, तो सर्वांत आधीं बसवावा. काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावें, परंतु तें झाल्यावर तार कोठून कोठें गेली हें घरच्या एका माणसानें तरी वांकून पाहावें. आम्ही साठी उलटल्यावर वांकलों. वाचकांनीं इतका उशीर करूं नये.